गाडी नावावर, की नुसती दारात?

आमच्याकडे गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द बाबांचा. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत त्यांनी चौतीस वर्षं चॅसिसवर बसच्या बॉडी चढवल्या. त्यामुळे नात्यात कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी आमच्याकडे येतो, मग शोरूममध्ये जातो. परवाच्या रविवारी आत्याची चिमी आली ती हातात दोन कागद घेऊन. एक शोरूमचं कोटेशन, दुसरा तिच्या हिंजवडीच्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी आणलेल्या लीज योजनेचा.

"मामा, पाडव्याला गाडी दारात हवीय. एवढंच सांगा, विकत घेऊ की लीजवर?"

"लीजवर म्हणजे भाड्याने."

"भाड्याने नाही हो, लीजवर."

"बरं, मग तेच मराठीत सांग."

चिमीने माझ्याकडे पाहिलं. मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, तेव्हा मी तिच्या मदतीला धावेन असं तिला वाटलं असावं. पण मराठीत लीजला भाडेपट्टाच म्हणतात, त्याला मी काय करणार?

"पाटी काळी का?" बाबांचा पुढचा प्रश्न. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. सोसायटीत अशी गाडी उभी राहिली की वॉचमनसुद्धा पाहुणे आलेत असं समजतो.

"नाही, पांढरीच. फक्त आरसीवर नाव लीज कंपनीचं."

"म्हणजे पेट्रोल आपण घालायचं, पुसायची आपण, उभी आपल्या दारात, आणि नाव दुसऱ्याचं."

"नाव घेऊन काय करू मामा? मला ऑफिसला जायचंय."

बाबा उठले आणि कपाटातून डायरी घेऊन आले. ही डायरी मी लहानपणापासून पाहतोय असं म्हणायचा मोह होतो, पण ती २००९ ची आहे. त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी वॅगनार घेतली. पहिल्या पानावर इंजिन नंबर, चॅसिस नंबर, खाली हळदीचं बोट. पुढे दर सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, ऑइल कोणतं घातलं, किती घातलं. टायर कधी फिरवले तेसुद्धा. एका पानावर नुसतं लिहिलंय, "डावा आरसा. चूक माझी." सोळा वर्षांत एक लाख अडतीस हजार किलोमीटर. २०२४ च्या सप्टेंबरात पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा बाबांनी गाडी स्वतः आरटीओत नेली, पासिंग करून आणलं आणि पाच वर्षं वाढवून घेतली. घरी आले तेव्हा चेहरा असा, की जणू स्वतःचीच मुदत वाढवून मिळालीय.

"कर्ज तीन वर्षांत फेडलं. त्यानंतर तेरा वर्षं ही गाडी मला पेट्रोल, विमा आणि किरकोळ कामं एवढ्यावर पडतेय. हप्ता शून्य. तुझ्या त्या कागदात हप्ता शून्य कधी होतो?"

"कधीच नाही," चिमी म्हणाली. "पण मामा, तुम्ही सोळा वर्षं एकाच घरात आहात. तुमची नोकरी एक, रस्ता एक, पार्किंगची जागासुद्धा एक. माझं तसं आहे का? सहा महिन्यांनी मला बंगळूरला जा म्हणतील."

हा मुद्दा ऐकायला वाटतो तितका सोपा नव्हता. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्याआधी आपल्या आरटीओतून ना हरकत दाखला काढा, बँकेचा बोजा असेल तर बँकेची संमती आणा, तिकडे पुन्हा कर भरा, आणि इथे एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागा. परत मागा म्हणालो, लगेच मिळतो म्हणालो नाही. आमच्या शाखेत असा दाखला मागायला येणारी मुलं मी पाहतो. चौथ्या खेपेला त्यांच्या तोंडून गाडीचं नाव प्रेमाने निघत नाही.

"बीएच नंबर घे की मग," बाबा म्हणाले. त्यांना हे माहीत असेल असं चिमीला वाटलं नव्हतं. २०२१ पासून ही भारत मालिका निघाली. ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत, तिथल्या कर्मचाऱ्यांना हा नंबर मिळतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.

"आणि बंगळूर नाही, बर्लिनला पाठवलं तर?"

"तर विकून टाक."

"कितीला?"

बाबा थांबले. या एका प्रश्नापाशी सगळी चर्चा येऊन उभी राहते असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. नव्या गाडीची आजची किंमत सगळ्यांना माहीत असते. चार वर्षांनी तिला काय भाव येईल हे शोरूमवाल्याला माहीत नसतं, बँकेला नसतं, आपल्याला तर नसतंच. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं एक कोष्टक आहे: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. पण ते विम्याची रक्कम ठरवण्यासाठी. बाजार त्याच्या मनाने चालतो. लीज कंपनी जे भाडं घेते, त्यातला एक हिस्सा हे न माहीत असणं आपल्या डोक्यावरून उचलण्याचा असतो. चार वर्षांनी भाव पडला तर तोटा तिचा. चढला तर अर्थात नफाही तिचाच.

भाव कसा पडतो याचं उदाहरण तर आमच्या जिन्यातच होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, छोटी पेट्रोल गाडी घेतली. बाप्पा आणि गाडी एकाच दिवशी घरात. आठवड्याभरात जाहीर झालं की छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरळ १८ टक्के होणार. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, त्याच दिवशी नवे दर लागू झाले. सात लाखांच्या गाडीत साठेक हजारांचा फरक! काका नवरात्रभर जिन्यात कोणाशी धड बोलले नाहीत. नवीच गाडी साठ हजारांनी उतरली, तेव्हा त्यांच्या महिन्याच्या गाडीला जुन्या बाजारात कोण आधीचा भाव देणार?

"बघा," चिमी म्हणाली. "लीज असती तर काकांना काय फरक पडला असता?"

"भाडं ठरलं असतं ऑगस्टच्या किमतीवर. चार वर्षं तेच भरत बसले असते," बाबा म्हणाले. हेही खरंच होतं. कराचा भाग उतरला असता, मूळ भाडं नाही.

आता आकडे मांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आईने पोहे आणले, मी कोटेशनच्या पाठीवर पेन्सिल चालवली. गाडी शोरूमच्या भावाने ९ लाख ९० हजारांची, ऑन रोड साडेअकरा लाख. साडेतीन लाख डाउन पेमेंट, आठ लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता १६,६०७. लीजचा कागद सांगत होता की महिना २४,००० भरा, चार वर्षं. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं आलं. डाउन पेमेंट नाही. महिन्याला दीड हजार किलोमीटरची मर्यादा.

"अठ्ठेचाळीस गुणिले चोवीस," बाबांनी तोंडीच केलं. "अकरा लाख बावन्न हजार. म्हणजे चार वर्षांत गाडीची अख्खी किंमत भरायची आणि शेवटी चावी परत करून रिक्षाने घरी यायचं."

हे वाक्य इतकं बिनतोड वाटतं की बहुतेक घरांत चर्चा इथेच संपते. पण विकतच्या बाजूचा हिशोब कोणी तितक्या निष्ठुरपणे करत नाही. तो असा: साडेतीन लाख आधी गेले. चार वर्षांचे हप्ते ७ लाख ९७ हजार. पहिल्या वर्षानंतरचे विम्याचे हप्ते, सर्व्हिसिंग, एक टायरचा सेट मिळून १ लाख २० हजार धरू. चार वर्षांनी गाडी विकायची तर शिल्लक कर्ज १ लाख ९० हजार फेडावं लागेल. बेरीज १४ लाख ५७ हजार. बाबांच्या अंदाजाने गाडीला साडेपाच लाख येतील. म्हणजे निव्वळ खर्च ९ लाख ७ हजार. लीजपेक्षा २ लाख ४५ हजार कमी. पण ते साडेतीन लाख डाउन पेमेंटला न देता ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते, तर चार वर्षांत लाखभर व्याज मिळालं असतं. ते वजा केलं की फरक उरतो १ लाख ३६ हजारांचा. महिन्याला २,८०० रुपये.

"एवढंच?" चिमी म्हणाली.

"एवढे?" बाबा म्हणाले.

आकडा एकच होता.

"आणि हे चार वर्षांचं. माझ्यासारखी सोळा वर्षं वापरलीस तर?" बाबांनी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. दहा-बारा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने लीजच्या वाटेला जाऊच नये. हे मी बँकेचा माणूस म्हणून नाही, त्या डायरीचा साक्षीदार म्हणून सांगतो. पण दर चार वर्षांनी गाडी बदलणारा माणूस मालक असून नसल्यासारखाच असतो. तो घसाऱ्याचा सगळ्यात चढा भाग भरतो आणि स्वस्ताईची वर्षं दुसऱ्याला देऊन टाकतो. त्यातही आमच्याकडे कर्ज असलेली गाडी. बाबा सारखं नावाबद्दल बोलत होते, पण कर्ज फिटेपर्यंत आरसीवर आपल्या नावाखाली बँकेचं नाव असतंच. बोजा उतरवला की मगच गाडी खऱ्या अर्थाने आपली. कर्ज फिटल्यावरही कित्येक जण बोजा उतरवायला विसरतात आणि विकायच्या दिवशी आमच्या काउंटरवर घामाघूम होऊन उभे राहतात.

चिमीने आता हुकमाचं पान काढलं. "दादा, तू कर धरलाच नाहीस. हे चोवीस हजार माझ्या पगारातून कर लागायच्या आधीच कापले जातात."

खरंच धरला नव्हता. कंपनीमार्फत लीज घेतली, गाडी थोडी कामाला आणि थोडी घरच्या वापराला असली, की भाडं पगाराच्या रचनेतून बाहेर पडतं आणि त्याऐवजी एक छोटी ठरीव रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला ती वर्षानुवर्षं महिना १,८०० रुपये धरली जात आली. चिमी वरच्या पट्ट्यात आहे, ३० टक्के आणि त्यावर उपकर. म्हणजे तिचे महिन्याला सात हजारांच्या आसपास वाचत होते. २,८०० चा तोटा पुसून वर चार हजार शिल्लक.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. करापुढे त्यांचं काही चालेना. त्यांच्या पगारातून कर कापला जायचा एवढंच त्यांना माहीत. तो वाचवण्यासाठी गाडीची मालकी सोडून देता येते, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

"दोन गोष्टी सांगतो," ते शेवटी म्हणाले. "एक. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतची पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर घेतली तर आरटीओचा कर अकरा टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर वीस. म्हणजे नव्वदेक हजार जास्त. ते कोण भरतंय? लीजवाला खिशातून घालणार आहे का? तुझ्याच चोवीस हजारांत आहेत ते."

"असू देत. तरी मला चार हजार उरतात."

"दोन. नोकरी गेली तर?"

चिमीच्या हातातला चमचा थांबला. हिंजवडीत हल्ली हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. कागदाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यास किंवा कंपनीने सेवा संपवल्यास गाडी परत करावी, अन्यथा उरलेली रक्कम भरून घ्यावी, मुदतीआधी परत केल्यास तीन महिन्यांचं भाडं आकार म्हणून. ज्या दिवशी पगार बंद, त्याच दिवशी गाडीही दारातून जाणार आणि जाताना बहात्तर हजार मागणार.

"मालकीची असती तर?" बाबा.

"तर हप्ता थकला असता आणि दादाच्या बँकेने माणसं पाठवली असती," चिमीने परतवलं.

मी पोह्यांत लिंबू पिळलं. आम्ही आधी नोटीस पाठवतो हो.

यानंतर दोघं काही वेळ ओरखड्यांवर भांडले. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने तीन वर्षांची लीज संपल्यावर गाडी परत केली. तपासणीला आलेल्या मुलाने मोबाइलच्या उजेडात बंपरखालचा पत्रा पाहिला, दरवाजाच्या कडेला नख फिरवलं, आणि पंधरा दिवसांनी अडतीस हजारांचं बिल आलं. रोजच्या वापराची झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं हे ठरवणारा माणूस बिल लावणाऱ्याचाच नोकर होता. हा किस्सा ऐकून बाबा इतके खुश झाले की त्यांनी आणखी पोहे मागितले. पुण्यात गाडी चार वर्षं चालवायची आणि ओरखडा नाही? इथे दुचाकीवाले दोन गाड्यांमधल्या फटीतून असे जातात की आरसे आपसूक मिटतात.

"पण मामा, तुमची एसटीच आता भाड्याने बस घेते ना? विजेच्या पाच हजारांवर बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केलाय महामंडळाने."

हे लागलं. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, ती गोष्ट बाबा घरच्या लग्नासारखी सांगतात. ज्या महामंडळाने स्वतःच्या कार्यशाळेत स्वतःच्या बस उभ्या केल्या, ते आता किलोमीटरवर पैसे मोजून दुसऱ्याच्या बस चालवतं, हे त्यांना मनातून पटलेलं नाही.

"शिवशाही आठवतेय?" ते म्हणाले. "काही आमच्या होत्या, काही खासगी मालकांच्या भाड्याच्या. बाहेरून रंग सारखाच. पण भाड्याच्या गाडीचा नट आवळताना हात अर्धा फेरा कमी फिरतो. मी पाहिलंय."

"तुमचा फिरला असेल?"

"माझा नाही." मग जरा थांबून, "पण मी होतो म्हणून."

विजेच्या गाडीचा विषय निघालाच. तिथे तर मालकीचेही तुकडे झालेत. २०२४ च्या सप्टेंबरात एमजीची विंडसर आली ती ९ लाख ९९ हजारांना, पण बॅटरीशिवाय. बॅटरी वेगळी, भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. बाबांनी हे दोनदा वदवून घेतलं.

"म्हणजे घर आपलं आणि चूल भाड्याची."

"चूल दर पाच वर्षांनी बदलणार असेल तर भाड्याचीच बरी," चिमी म्हणाली. माझ्या मते त्या सकाळचं तिचं सगळ्यात पक्कं वाक्य हे. पेट्रोल इंजिन दहा वर्षांनी कसं होईल हे बाबा बॉनेटवर हात ठेवून सांगतात. बॅटरीवर हात ठेवून असं सांगता येत नाही. आज घेतलेल्या विजेच्या गाडीला सहा वर्षांनी कोण, किती देईल, हे सांगणारा अजून मला भेटलेला नाही. अशा गाडीबाबत मी स्वतः लीजकडे झुकेन, बँकेची नोकरी सांभाळून. पण चिमीला विजेची नकोच होती. तिच्या सोसायटीत चार्जरवरून वर्षभर सर्वसाधारण सभा चालू आहे.

बारा वाजत आले. बाबांनी लीजचा कागद पुन्हा घेतला आणि या वेळी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मुदत संपल्यावर शिल्लक किंमत भरून गाडी ठेवून घेता येते, असं लिहिलंय. तू घेणार?"

"नाही. तेव्हा मी नवी घेईन."

"नवी म्हणजे पुन्हा लीज?"

"बहुतेक."

"मग तुझी ही गाडी कोण घेणार?"

"कोणीतरी घेईल. लीज कंपनी विकते ना, जुन्या बाजारात."

बाबांनी डायरी उघडली. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी तारीख घातली. त्यांच्या वॅगनारचं पासिंग २०२९ च्या सप्टेंबरापर्यंत. चिमीची चार वर्षं २०३० च्या पाडव्याला भरतात. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"सहा महिने अर्ध्या तिकिटात एसटीने काढीन," ते म्हणाले. "तू लीजवर घे. कर वाचव, घसारा भर. चार वर्षांनी ती मी घेतो. एक हाती गाडी, घरातली."

"मामा!"

"आता नीट ऐक. ऑइल वेळेवर बदल, कागदावर फुकट आहे म्हणून पुढे ढकलू नकोस. पांढरी घे, ओरखडा दिसत नाही. आणि उजव्या मागच्या टायरवर लक्ष ठेव, तू फुटपाथ घासतेस, मी स्कूटीपासून पाहतोय."

चिमीने पोह्यांची बशी आत नेली. बाबांनी पानावर वर गाडीचं नाव लिहिलं, खाली "ऑइल" असा रकाना आखला, आणि मला विचारलं की शिल्लक किंमत पुढे घासाघीस करून कमी करून मिळते का.